नागपूरच्या उन्हाळ्यासाठी लिंबूवर्गीय सुगंध निवडताना

होळी आटोपली की नागपुरात हिवाळ्याच्या बऱ्याच गोष्टी कपाटात जातात, आणि माझ्या बाबतीत त्यांत एक पर्फ्यूमही असतो. चंदन, व्हॅनिला आणि थोडा ऊद असलेला तो सुगंध डिसेंबरच्या सकाळी फार चांगला वाटतो. पण चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्याच्या दुपारी, एकाच कूलरसमोर चौघींनी बसायच्या आमच्या कार्यालयातल्या खोलीत, तोच इतका गोड आणि जड होतो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना डोके दुखायला लागते. म्हणून यंदा खास उन्हाळ्यासाठी हलका, लिंबूवर्गीय फळांच्या वासाचा सुगंध निवडायचे मी ठरवले आणि मार्चपासून रीतसर शोध सुरू केला. अशा सुगंधांबद्दल जे काही वाचायला मिळते ते बहुधा समुद्राकाठच्या दमट हवेला किंवा युरोपातल्या सौम्य उन्हाळ्याला धरून लिहिलेले असते. आपल्याकडचे ऊन त्या हिशेबात बसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप जरा तपशिलाने सांगते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तर इथे कोणी त्याची चर्चाही करत नाही. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ पर्यंत चढला होता. त्याहून महत्त्वाचा आहे तो कोरडेपणा. दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते, घाम कपडे भिजवण्याआधीच वाळतो आणि त्वचा दिवसभर ओढल्यासारखी राहते. सुगंध टिकायला त्वचेवर थोडा स्निग्धपणा लागतो. तो नसेल आणि वरून त्वचा तापलेली असेल, तर लावलेले द्रव्य भराभर उडून जाते. त्यातही लिंबूवर्गीय तेले सर्वांत आधी उडतात. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन नावाच्या एकाच द्रव्याचा असतो आणि त्याचा रेणू लहान व हलका असल्याने तो झटकन नाकापर्यंत पोहोचतो. पहिल्या क्षणीचा टवटवीतपणा आणि पुढचे झटपट नाहीसे होणे ही दोन्ही त्याच हलकेपणाची फळे आहेत, आणि यातले एक ठेवून दुसरे टाळता येत नाही. हे ध्यानात आल्यावर शोधाची दिशा बदलली. लिंबाचा वास किती वेळ टिकतो हे विचारण्याऐवजी, तो गेल्यावर अंगावर काय उरते हे पाहायला मी सुरुवात केली.

तुलनेसाठी घरातच एक मापदंड होता. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात, त्यामुळे त्या दिवसांत आमच्याकडे टोपलीभर संत्री होती. बाजारात निघण्यापूर्वी मी डाव्या मनगटावर संत्र्याची ताजी साल दुमडून दाबत असे. साल दुमडली की तिच्यावरच्या बारीक ग्रंथी फुटून तेलाचे तुषार उडतात. दिवाळीत मुले हेच तुषार पणतीच्या ज्योतीवर उडवून ठिणग्या पाडतात आणि मोठ्यांची बोलणी खातात. मनगटावर प्रथम नुसता चमचमीत, किंचित कडसर असा सालीचा वास येई. धरमपेठेतून निघून सीताबर्डीला पोहोचेपर्यंत त्यातला बहुतेक गेलेला असे, आणि मागे राहिलेला फिका, मेणचट अंश मनगट नाकाला टेकवल्याशिवाय जाणवत नसे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण उन्हापुढे त्याच्या सालीची काही मिजास चालत नाही. या मापाने पाहिले तर दुकानातल्या कोणत्याही बाटलीतला संत्र्याचा वास अर्ध्या तासाहून अधिक टिकला, तर तो पर्फ्यूम बनवणाऱ्याच्या कौशल्यामुळे टिकतो, असे समजायला हरकत नाही.

दुकानांतली पद्धत मात्र या कामाला मुळीच सोयीची नाही. आत एसी, उजेड पांढराशुभ्र, हवेत आधीच्या गिऱ्हाइकांनी उडवलेले दहा वास, आणि समोर उभी विक्रेती मुलगी कागदी पट्ट्यांवर एकामागून एक फवारे मारून देते. कागद थंड असतो, त्याला घाम येत नाही आणि त्याच्यावर सालीचा पहिला भर अंगापेक्षा कितीतरी अधिक वेळ रेंगाळतो. एका दुकानात मला ‘आठ तासांची गॅरंटी’ म्हणून दिलेला लिंबाचा पर्फ्यूम पट्टीवर संध्याकाळपर्यंत खरोखरच आला. हातावर लावलेला मात्र स्कूटर वाहनतळातून काढेपर्यंत साखरेच्या गोळीसारखा गोड होऊन गेला होता. वास घेऊन नाक थकले की कॉफीच्या बिया हुंगायला देण्याची प्रथाही तिथे आहे. माझ्या नाकाला त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यापेक्षा बाहेर येऊन स्वतःच्या धुतलेल्या ओढणीचा वास घेतला की नाक लवकर ताळ्यावर येते.

म्हणून मी एक शिस्त घालून घेतली. एका फेरीत दोनच सुगंध, एक उजव्या मनगटावर आणि एक डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला; लावल्यावर दुकानात न थांबता बाहेर पडायचे, उन्हात हिंडायचे, एखादे काम उरकायचे आणि घरी येऊन जेवण झाल्यावर पुन्हा वास घ्यायचा. पट्टी फक्त नापसंत वास बाजूला काढायला वापरायची. विक्रेत्यांना हे फारसे आवडत नाही, कारण गिऱ्हाईक हात हलवत बाहेर जाते. पण नुसत्या पट्टीच्या भरवशावर पर्फ्यूम घेणे म्हणजे साडीचा नुसता पदर पाहून साडी घेणे.

बाटलीवरच्या शब्दांचाही थोडा अभ्यास झाला. ओ द कोलोनमध्ये सुगंधी द्रव्याचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के, ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५ टक्के आणि ओ द पार्फममध्ये १५ ते २० टक्के असते, असे ढोबळमानाने मानतात. उरलेला बहुतेक भाग अल्कोहोलचा. कोलोन हा प्रकार मुळातच लिंबूवर्गीय. अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या कोलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फरिना या इटालियन माणसाने बर्गमॉट, लिंबू, संत्रे अशा तेलांचे जे सुगंधी पाणी बनवले, त्याला त्या शहराचेच नाव चिकटले. ते अंगभर सढळ हाताने शिंपडायचे पाणी होते, आणि ते दिवसभर टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. आजही चांगले कोलोन लावले की पाच मिनिटे अंघोळ करून आल्यासारखे वाटते. मला ती पाच मिनिटे मनापासून आवडतात, पण कार्यालयात तासातासाला बाटली काढून फवारणे शोभत नाही, त्यामुळे केवळ कोलोनवर भागण्यासारखे नव्हते.

आता वासांकडे वळते. लिंबू मी फार लवकर सोडले. त्यात दोष लिंबाचा नाही. भांडी घासायचा साबण, फरशी पुसायचे द्रव, हात धुवायचे द्रव या सगळ्यांना त्याच वासाची फोडणी असल्यामुळे स्वस्त पर्फ्यूममधले लिंबू नाकाला थेट मोरीपाशी घेऊन जाते. लिंबाची ओळख ज्या सिट्राल नावाच्या द्रव्याने होते, ते गवती चहाच्या तेलात लिंबाच्या तेलाहून कितीतरी अधिक असते आणि स्वस्तही पडते, त्यामुळे ‘लिंबू’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांतून मला पावसाळ्यातला आल्याचा चहाच आठवला. गोड संत्र्याचे पर्फ्यूम तर नागपूरकराने घेऊच नयेत असे माझे मत झाले. संत्रा बर्फी आणि संत्र्याच्या गोळ्या यांवर वाढलेल्या नाकाला तो वास खाऊचाच वाटतो. ग्रेपफ्रूटचा वास सुरुवातीला कडू आणि ताजा, मला फार आवडलेला. पण त्याच्या विशिष्ट वासामागे गंधकयुक्त द्रव्ये असतात आणि माझ्या घामाशी त्यांचे जमले नाही. दुसऱ्या कोणाच्या त्वचेवर तो उत्तम बसेलही.

बर्गमॉटपाशी मी अधिक रेंगाळले. हे फळ प्रामुख्याने इटलीच्या दक्षिण टोकाच्या कालाब्रिया भागात पिकते, ते सहसा कोणी नुसते खात नाही, त्याच्या सालीचे तेल काढतात. अर्ल ग्रे चहा ज्यांनी प्यायला आहे त्यांना त्याची ओळख असते. त्यात आंबटपणाबरोबर फुलाची आणि किंचित मिऱ्याची झाक आहे, त्यामुळे ते साबणाकडे झुकत नाही. मात्र दाबून काढलेल्या बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते आणि ते त्वचेवर असताना कडक ऊन लागले तर काळसर डाग पडू शकतात. नामांकित बनवणारे आता हे द्रव्य काढून टाकलेले तेल वापरतात किंवा त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेत ठेवतात. सुटी ‘इसेन्शियल ऑइल’ आणून घरीच पर्फ्यूम बनवणाऱ्यांनी मात्र नागपूरच्या उन्हात हे डोक्यात ठेवावे. कागदी लिंबाच्या दाबून काढलेल्या तेलालाही तेच लागू आहे. आमच्या इमारतीतल्या एक काकू उत्साहाने असे मिश्रण गळ्याला लावायच्या, त्यांना मी ते कपड्यांवर लावायला सांगितले.

खरा शोध लागला तो कडू संत्र्यापाशी. हे एकच झाड सुगंधाच्या धंद्याला किती गोष्टी पुरवते, याची मला कल्पना नव्हती. त्याच्या फुलांपासून वाफेने काढलेले तेल म्हणजे नेरोली, पाने आणि कोवळ्या डहाळ्यांपासून निघते ते पेटिग्रेन, आणि फळाच्या सालीपासून कडू संत्र्याचे तेल. फुलांच्या आणि पानांच्या तेलांतले काही प्रमुख घटक सालीतल्या लिमोनिनपेक्षा जड असल्यामुळे ते थोडे अधिक टिकतात. नेरोलीचा पहिला फवारा हातावर आला तेव्हा काटोल रस्त्यावरच्या बागा आठवल्या. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात तेव्हा तिथून संध्याकाळी जाताना गाडीची काच खाली केली की आत येतो, तोच पांढरा, ओलसर, मधाकडे झुकणारा वास. आपल्या बागांतले झाड वेगळ्या जातीचे असले तरी नाते जवळचे आहे. संत्र्याच्या गावात राहून आपण फळाच्या वासाचे इतके कौतुक करतो आणि फुलाचे क्वचितच, याचे त्या दिवशी नवल वाटले. पेटिग्रेन त्याहून कोरडे, हिरवे, काडीचा तुकडा चावल्यासारखे तुरट. नेरोली दुपारी उन्हात माझ्या अंगावर जरा जास्तच फुलून येई आणि साबणाच्या वडीची आठवण देई. पेटिग्रेन मात्र शेवटपर्यंत शहाण्यासारखे वागले.

तरीही तासाभराने प्रश्न उरतच होता, की खाली काय आहे? पाश्चात्त्य बनवणाऱ्यांनी यावर वेगवेगळे उपाय केले आहेत. १९६६ च्या ‘ओ सोव्हाज’मध्ये एदमों रुदनित्स्का यांनी लिंबू-बर्गमॉटच्या जोडीला हेडिऑन हे तेव्हा नवीन असलेले, जाईच्या वासाशी नाते सांगणारे द्रव्य वापरले आणि त्यामुळे लिंबाला एक हवेशीर आधार मिळाला. तो पुरुषांसाठी म्हणून आलेला पर्फ्यूम आहे, पण सुगंधाला असली वर्गवारी मी मानत नाही. १९९४ चा ‘सीके वन’ तर स्त्री-पुरुष दोघांसाठी म्हणूनच आला; त्यात लिंबूवर्गीय सुरुवातीखाली स्वच्छ धुतलेल्या कपड्यांसारखी कस्तुरी आहे. अशा कृत्रिम कस्तुरींचे रेणू मोठे असतात, त्यामुळे ते टिकतात. पण काही जणांच्या नाकाला त्यांतल्या काही कस्तुरी जाणवतच नाहीत. माझे तसेच झाले असावे. तिसऱ्या प्रहरी मला हातावर काहीच लागत नव्हते आणि कार्यालयातल्या मैत्रिणीला मात्र ‘छान वास येतोय’ असे दोन हात अंतरावरून वाटत होते. म्हणजे सुगंध संपला हा निर्णय देखील एकट्या स्वतःच्या नाकावर सोपवू नये. सतत येणाऱ्या वासाची नाक दखल घेणे सोडून देते, आणि मग माणूस नकळत अंगावर अख्खी बाटली रिकामी करतो.

या टप्प्यावर मी इतवारीतल्या एका जुन्या अत्तराच्या दुकानात गेले. तिथले काका पन्नाशीचे, पांढरा सदरा, गल्ल्याच्या मागे काचेच्या बुचांच्या बाटल्या. लिंबाचे टिकणारे अत्तर आहे का, असे विचारल्यावर ते हसले. “नाही जी ताई, लिंबाचा वास कुठं थांबते? खाली खस लावून पाहा न, मग सांगा,” असे म्हणत त्यांनी काडीला लावलेला कापूस माझ्या मनगटावर टेकवला. खस म्हणजे आपला वाळाच. अत्तर गर्द हिरवट होते. तांब्याच्या डेगेत काढलेल्या खशीच्या अत्तराला तो रंग तांब्यामुळे येतो, हे त्यांनीच सांगितले. वास ओल्या मुळांचा, मातीचा, किंचित धुराचा, आणि नागपूरच्या माणसाला सांगायची गरजच नाही असा. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारल्यावर कूलरमधून पहिला झोत येतो तो हाच. माझ्या पर्समध्ये पेटिग्रेनच्या एका पर्फ्यूमची नमुन्याची छोटी कुपी होती. खशीवर तिचा एक फवारा मारला आणि बाहेर आले. गांधीबागेच्या गर्दीतून हिंडून, ऊन अंगावर घेऊन घरी आल्यावरही मनगटावर काहीतरी हिरवे, कडसर, थंड असे शिल्लक होते. संत्रे गेले होते, पण ते कुठून गेले त्याची खूण राहिली होती.

वाळ्याच्या मुळांचे तेल दाट असते, त्यातले रेणू मोठे असतात, म्हणून ते सावकाश उडते. शिवाय वाळ्यात स्वतःचीच एक कडू, ग्रेपफ्रूटकडे झुकणारी छटा आहे, त्यामुळे लिंबूवर्गीय वास ओसरल्यावर अचानक विषय बदलल्यासारखे वाटत नाही. चंदन आणि व्हॅनिला यांनीही टिकाऊपणा येतो, पण ते गोडाकडे नेतात, आणि आपल्या उन्हात गोडवा सर्वांत आधी बिघडतो. यानंतर मी दुकानांत फक्त एवढेच विचारत गेले की सुरुवातीला कडू संत्रे किंवा पेटिग्रेन आणि तळाशी वाळा असलेले काय आहे. विक्रेत्या मुलींना असा प्रश्न अपेक्षित नसतो, तरी वाळ्यासाठी ‘व्हेटिव्हर’ हा शब्द वापरला की बाटल्या निघतात. बऱ्याच पुरुषांच्या फळीवर ठेवलेल्या असतात, तिथे आपण होऊन जाऊन पाहावे.

अखेर घेतली ती ओ द त्वालेतची ५० मिलिलीटरची बाटली: वर कडू संत्र्याची साल आणि पेटिग्रेन, मध्ये नेरोलीचा अगदी पुसट हात, खाली वाळा. १०० मिलिलीटरची बाटली हिशेबाने स्वस्त पडत होती, पण लिमोनिन हवेच्या आणि उष्णतेच्या संपर्कात खराब होते, वास टर्पेंटाइनकडे झुकतो आणि खराब झालेले लिमोनिन काहींच्या त्वचेला बाधते. आमच्या घरात लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे आणि मे महिन्यात दुपारी त्याच्या दाराला हात लावता येत नाही. त्यामुळे बाटली तिच्या खोक्यासकट आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात राहते. न्हाणीघरातल्या फळीवर तर ती मुळीच ठेवू नये.

लावण्याची जागाही ठरून गेली आहे. उन्हात निघताना गळ्यावर काही नाही. अंघोळीनंतर हात आणि कोपरांच्या आत खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवते आणि त्यावर दोन फवारे. स्कूटरवर जाताना तोंडाला जो दुपट्टा बांधतो, त्याच्यावर फवारण्याचा मोह होतो, कारण कापसावर सुगंध त्वचेपेक्षा अधिक टिकतो. पण तो थेट नाकावर येतो आणि सिग्नलला थांबल्यावर कोंडल्यासारखे होते, शिवाय फिक्या कापडावर पिवळट डाग राहतात. दुपट्ट्याच्या पाठीमागे सोडलेल्या टोकाला एक फवारा पुरतो. कार्यालयात पोहोचेपर्यंत संत्रे बरेचसे उडालेले असते, दुपारपर्यंत हिरवट वाळा उरतो आणि शेजारच्या बाईंनी अजून तक्रार केलेली नाही. संध्याकाळी कुठे जायचे असेल तर इतवारीहून आणलेल्या खशीच्या अत्तराचा एक थेंब खाली लावून वरून पुन्हा एक फवारा मारते. एरवी दहा मिलिलीटरच्या रिकाम्या कुपीत भरून घेतलेला थोडा सुगंध पर्समध्ये असतो, पण मेट्रोच्या बंद डब्यात तो काढत नाही.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाल्यावर याच बाटलीने वेगळे रूप दाखवले. दमट हवेत संत्र्याची साल अधिक वेळ राहिली आणि वाळा मात्र मातकट, जरासा बुरसट वाटू लागला. त्यामुळे जुलैपासून ती खोक्यात गेली आहे आणि पावसाळ्यासाठी नेरोलीचे साधे कोलोन वापरून पाहते आहे, कारण आता ते साबणासारखे फुलत नाही.